पाय पुढे, कुरकुर मागे

तेल घातलं का, हे मला विचारू नका. तुम्हाला हात जोडून सांगतो, ज्याला त्याला हाच एक प्रश्न सुचतो, दूधवाल्याला सुचतो, पोस्टमनला सुचतो, परवा बँकेत पासबुक भरायला गेलो तर खिडकीतली मुलगी काचेच्या भोकातून विचारते, सर, सायकलीला तेल घातलंत का? घातलं! चेनला घातलं, कप्पीला घातलं, ब्रेकच्या तारेला घातलं, अंधारात हात घसरून माझ्या लेंग्यालाही घातलं. आणि कुरकुर चालूच!

कशी कुरकुर म्हणाल, तर कुर्र... कट्. कुर्र... कट्. पॅडलच्या प्रत्येक फेरीला एकदा. चुकून दोनदा नाही, चुकून शून्य वेळा नाही. इतका वक्तशीर आवाज मी चौतीस वर्षांच्या नोकरीत एकाही विद्यार्थ्याकडून ऐकला नाही.

आता सायकल कसली ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा साध्या सायकलीवरून एवढा आकांत करतो आहे. ही आडवी सायकल आहे. म्हणजे आरामखुर्चीत रेलावं तसं मागे रेलायचं, पाय सरळ समोर, पॅडल पुढच्या चाकाच्याही पुढे, आणि पाठीवर काडीचा भार नाही. माझ्या कण्यातल्या दोन चकत्या झिजल्या, डॉक्टरांनी साधी सायकल बंद केली, स्कूटर बंद केली, एसटीच्या मागच्या सीटवर बसणं बंद केलं, तेव्हा अनुपमाने, म्हणजे आमच्या पुण्याच्या मुलीने, ही मागवून दिली. गेल्या दिवाळीपासून मी रोज सकाळी महाडहून सवला जातो, तिथल्या गरम पाण्याच्या कुंडाशी पाठ शेकतो आणि परत येतो. त्र्याहत्तराव्या वर्षी कुणाला न सांगता, कुणाला बरोबर न घेता घराबाहेर पडता येणं म्हणजे काय, हे ज्यांची पाठ धड आहे त्यांना नाही कळणार. तेवढी एक गोष्ट माझी उरली होती. आणि त्या गोष्टीत मध्येच एक दिवस हे कुर्र... कट्!

तुम्ही म्हणाल, असेल एखादा आवाज, दुर्लक्ष करा. मलाही तसंच म्हणायला आवडलं असतं. पण माझी डॉक्टरेट कशात आहे? धातूच्या थकव्यात! दोनशे ऐंशी पानांचा प्रबंध आहे. लोखंड असो, अॅल्युमिनियम असो, वारंवार ताण पडला की धातू थकतो, आत केसाएवढा तडा जातो, तो तडा वाढतो आणि एक दिवस काडकन्... हे मी चौतीस वर्षं मुलांना शिकवलं. फळ्यावर शिकवलं. खरा तडा जाताना मी आयुष्यात एकदाही ऐकलेला नाही, हे मात्र मुलांना सांगितलं नाही, आणि आता रोज सवच्या रस्त्यावर तेच मनात येतं, की बाबा रे, तू ज्यात डॉक्टर आहेस ते नेमकं ऐकू कसं येतं, हे तुला माहीत आहे का? नाही! कदाचित हाच असेल! कदाचित नसेलही! कदाचित मी तेव्हाही चुकीचंच शिकवलं असेल!

आणि मूर्खपणा बघा, हे सगळं मी अनुपमाला फोनवर बोलून गेलो. तडा हा शब्द माझ्या तोंडून गेला. झालं. ती म्हणाली, बाबा, रविवारी मी गाडी घेऊन येते, तोपर्यंत आवाज सापडला तर ठीक, नाहीतर सायकल पुण्याला घेऊन जाईन, विकून टाकू. मी म्हटलं, अगं, तसंच काही नाही. ती म्हणाली, मग काय आहे? आता काय आहे ते मला माहीत असतं तर मी तिला फोन कशाला केला असता!

म्हणजे हातात सहा दिवस. सहा दिवसांत कुरकुर शोधायची, नाहीतर सायकल गेली.

मी शास्त्रशुद्ध सुरुवात केली. वहीत तक्ता आखला. या सायकलीची चेन साध्या सायकलीच्या तिप्पट लांब, मध्ये प्लॅस्टिकची नळी, दोन कप्प्या, म्हणजे आवाजाला जागा किती, विचार करा. सोमवारी चेन उतरवून धुतली. मंगळवारी पॅडल काढून ग्रीस भरून बसवली. बुधवारी फ्रेमचा प्रत्येक नट सोडवला आणि पुन्हा आवळला, आणि एक उरला. तो अजून खिशात आहे, तो कुठला याची मला रात्रंदिवस धास्ती. गुडघा वाजत असेल अशीही शंका आली, म्हणून शेजारच्या इमारतीचे चार जिने चढलो उतरलो, कान गुडघ्याकडे लावून. गुडघे गप्प! माझ्या शरीरात तेवढेच दोन अवयव तक्रार न करणारे निघाले. फक्त सीट उघडली नाही, कारण कापड कुरकुरत नाही, हे शास्त्र आहे, आणि शिवाय सीटचं कव्हर उज्वलाने स्वतःच्या हाताने शिवलेलं. उज्वला म्हणजे माझी पत्नी. मी सीटकडे हात नेला की ती स्वयंपाकघरातून म्हणायची, तिथे उसवू नका हं, दुपारभर बसून शिवलंय. आणि पुढे म्हणायची, तुम्ही आधी तुमची कुरकुर थांबवा, मग सायकलीची थांबेल.

हे असं घरात. आणि कुर्र... कट्, चालूच!

गुरुवारी महिपतकडे गेलो. महिपतचं सायकलचं दुकान आमच्या महाडात सगळ्यांत जुनं, माणूस हुशार, चाक नुसतं फिरवून आरे कुठे सैल आहेत ते सांगतो. त्याने सायकल उलटी केली, पॅडल फिरवलं. आवाज नाही. सुलटी केली. आवाज नाही. खोबरेल घातलं, म्हणाला असूदे. मी म्हटलं, अरे, वर माणूस बसला की येतो आवाज, तू बस, चालव, मी ऐकतो. तर हा दोन पावलं मागे सरला. म्हणाला, नाय सर. का रे? तर म्हणतो, "सर, राग मानू नका, पण जित्या मानसानं असं पाय फुडं करून रस्त्यानं जाव नाय. माज्या पोरांची आय घरात हाय."

ऐकलंत? पाय पुढे करून घरातून कोण जातं, तर मेलेला! म्हणून दिवाळीपासून ही सायकल बाजारात तिरडी म्हणून ओळखली जाते, हे मला तेव्हा कळलं. सकपाळ सरांची तिरडी. मी त्याला गुरुत्वमध्य समजावला. त्याने मान डोलावली. बसला नाही. मी आणखी तिघांना विचारलं, कुणी बसेना. म्हणजे पेच बघा, मी बसलो की आवाज येतो पण कुठून ते मला ऐकू येत नाही, आणि दुसरा बसला तर मला ऐकू येईल पण दुसरा बसत नाही! सगळ्या महाडात जिवंतपणी पाय पुढे करायला तयार असा मी एकटा निघालो.

शेवटी महिपतच म्हणाला, पोलादपूरला चांगूकडे जा. चांगू वेल्डिंगवाला. त्याला म्हणे कान आहे. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावतो, मूठ कानाला लावतो आणि आतलं ऐकतो, डॉक्टरसारखं. तडा असेल तर चांगू सांगेल. शनिवारी सकाळी सायकल टेम्पोत टाकून मी निघालो, कारण फ्रेममध्ये तडा असेल तर अठरा किलोमीटर हायवेने चालवत नेणं म्हणजे माझ्याच प्रबंधाचा शेवटचा उतारा व्हायचा. टेम्पोत आवाज केला का तिने? हूं की चूं नाही! दवाखान्याच्या दारात पोर बरं होतं तशी.

चांगू चांगला माणूस. नावं ठेवायला जागा नाही, म्हणूनच मला त्याचा अधिक राग येतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, सर, तुम्ही चालवा, मी बाजूनं चालत ऐकतो. पण पेचकस फ्रेमला लावायचा तर सायकल माणसाच्या चालीने हवी, आणि इतकी हळू चालवली की ती डुगडुगते. म्हणून त्याच्या दुकानात बसलेल्या दोघांनी दोन बाजूंनी सीटला हात धरला. चांगू मागे, वाकून, पेचकस कानाला. आणि पुढे रस्ता मोकळा करायला कोंडाजी. हा कोंडाजी डोंगरातल्या वाडीवरून अॅल्युमिनियमचा भोक पडलेला टोप घेऊन आला होता, डाग मारून घ्यायला. त्याला म्हटलं, टोप ठेव दुकानात. तर नाय, बायकोनं सांगितलंय नजरंआड करू नको. तो टोप पोटाशी धरून पुढे चालू लागला. आणि चांगूने सक्त ताकीद दिली, आवाज ऐकायचाय, कुणी बोलायचं नाय.

आता डोळ्यांसमोर आणा. आणा! उन्हासाठी मी छातीवर आणि कपाळावर पांढरा पंचा घेतलेला. आडवा. पाय पुढे. दोन बाजूंना दोन माणसं हात लावून, खाली मान घालून, मुकाट. मागे एक वाकलेला. आणि सर्वांत पुढे एकजण मडक्यासारखं काहीतरी दोन्ही हातांत धरून! पोलादपूरच्या भर बाजारातून! मला सांगा, चूक कोणाची म्हणायची?

आधी एक स्कूटरवाला थांबला, उतरला, डोक्यावरची टोपी काढली. मला वाटलं माझा विद्यार्थी असेल, मी मनातल्या मनात सुखावलो. मग भुसार दुकानदाराने शटर अर्ध्यावर ओढलं. एसटी आली, ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं, आणि त्या शांततेत काय स्पष्ट ऐकू आलं, तुम्हाला सांगतो... कुर्र... कट्. कुर्र... कट्. मागून चपलांचा आवाज येऊ लागला. माणसं सामील होत होती! कुणीतरी हळूच विचारलं, कोण गेलं? ज्याला विचारलं त्याला बोलायची बंदी, त्याने ओठावर बोट ठेवलं. विचारणाऱ्याने मान हलवली, समजलं म्हणून, आणि तोही चालू लागला. वळणापर्यंत अकरा माणसं झाली. अकरा! माझ्या निवृत्तीच्या समारंभाला नऊ होती.

मला राहवलं नाही. मी पंचा बाजूला केला, मान वर केली आणि म्हणालो, अहो, मी जिवंत आहे. केवढी मोठी चूक! भाजीच्या पाटीशी बसलेली एक बाई उठून जी पळाली ती परत आली नाही. एसटीतून कुणीतरी देवाचं नाव घेतलं. आणि त्या गोंधळात चांगू ताठ झाला, कानावरचा पेचकस काढला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला:

"सर, घावला. आवाज तुमच्या बुडाखालनं येतोय."

अकरा माणसं हसली. मघाशी ज्यांनी टोप्या काढल्या होत्या तीच. पस्तीसएक पावलांत मी स्वर्गवासी होऊन परत आलो होतो, आणि परत आल्याआल्या हे ऐकायला मिळालं! मी म्हटलं, अरे, खाली फक्त सीट आहे, आणि कापड कुरकुरत नाही, हे शास्त्र आहे. चांगू म्हणाला, शास्त्र असंल, पण उतरा. मी उतरलो. त्याने ब्लेडने उज्वलाची शिलाई उसवली, आत हात घातला, आणि विंचू चावल्यासारखा बाहेर काढला.

सीटच्या खालच्या नळीला तांब्याच्या तारेने एक पुरचुंडी बांधलेली. काळ्या कापडाची. एक लोखंडी खिळा आरपार घातलेला, त्याचं टोक फ्रेमला घासत होतं, ते कुर्र. आणि आत एक बिब्बा, तो हेलकावा खाऊन नळीवर आपटत होता, ते कट्. बस्स. तडा नाही, थकवा नाही, काही नाही. दृष्ट लागू नये म्हणून बांधतात तो बिब्बा!

कोंडाजीने टोप खाली ठेवला, जो बाजारभर नजरेआड केला नव्हता तो, आणि हात जोडले. कुजबुज सुरू झाली, करणी हाय, सरांवर कुणीतरी केलंय. हात लावू नका सर. झालं! माझ्यातला शास्त्राचा माणूस उभा राहिला. मी तिथे, चौकात, करणीभानामतीवर व्याख्यान दिलं, बिब्बा म्हणजे निव्वळ झाडाचं फळ आहे, त्यात कसलीही शक्ती नाही, हे बघा, असं म्हणून पुरचुंडी उघड्या हाताने मुठीत घट्ट धरून सगळ्यांना दाखवली. घट्ट! खिळ्याने भोक पडलेला बिब्बा! आणि त्याचं तेल अंगाला लागलं की कातडी उतते, हे कोकणातल्या शेंबड्या पोराला माहीत असतं, फक्त डॉक्टरेट झालेल्याला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी हा तळहात असा पुरीसारखा फुगला. आणि पोलादपुरात काय सांगतात ठाऊक आहे? सरांनी करणी हातात घेतली, बघा, लगेच दिसली.

पण ते नंतर. तिथे चौकात मी ती पुरचुंडी डोळ्यांजवळ नेली. कापड ओळखीचं होतं. काळं, जाडसर, एका कडेला जांभळी पट्टी. डॉक्टरेट घेताना अंगावर घातलेला माझा गाऊन! ट्रंकेत होता, चाळीस वर्षं!

परत मी चालवत आलो, आता भीती कसली? सायकल लोण्यासारखी. आवाज नाही. पहिले दोन किलोमीटर मी गुणगुणत होतो. तिसऱ्या किलोमीटरला आठवलं, प्रबंधाचं पान एकशे बारा: तडा वाढतो तेव्हा बहुधा कोणताही आवाज होत नाही. अहो, हे मीच लिहिलंय! म्हणजे तीन आठवडे आवाज होता तेव्हा मी सुरक्षित होतो, आणि आता काय? महाडपर्यंत चार वेळा उतरून फ्रेम चाचपली. ती शांतता ऐकून ऐकून माझे कान दुखले.

फाटकात उज्वला उभी. मी अजून दहा हात लांब होतो, तोंड उघडलं नव्हतं.

"काढलात ना?" ती म्हणाली.

मला जे सांगायचं होतं ते मी वाटेत पाठ केलं होतं. विवेक, शिक्षण, घरातच ही गत, सगळं. मी फक्त गाऊनची चिंधी पुढे केली आणि म्हटलं, हा काय प्रकार आहे? तेव्हा कळलं, तीन आठवड्यांपूर्वी भाजी घेऊन येणारी बनुबाई दारात टोपली उतरवताना तिला म्हणाली होती, बाय गो, तुजा मालक रोज पाय फुडं करून जातो, आन तू नुसती बगत बसतंस? त्या दुपारी कव्हर नव्याने शिवलं गेलं.

मी म्हटलं, तू बी.एस्सी. आहेस. ती म्हणाली, आहे. आणि मग काय म्हणाली, ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगतो, कारण तेव्हापासून दुसरं काही डोक्यात राहिलेलं नाही.

"पाय पुढे करून माणूस या दारातून एकदाच जातो. तुम्ही रोज जाता. आणि रोज तुम्ही वळणाआड होईपर्यंत मी इथे उभी असते. चाळीस वर्षं तुमचं सगळं शास्त्र मी घरात ठेवून घेतलं, माझा एक बिब्बा तुमच्या सायकलीत मावेना?"

मी म्हटलं, पण माझा गाऊन कशाला फाडलास? ती म्हणाली, घरात तेवढंच एक काळं कापड होतं जे कुणी वापरत नव्हतं.

मी म्हटलं, बरं, राहू दे तुझा बिब्बा, पण मी तो रबराचा वायसर घालून नीट आवळतो, आवाज येणार नाही. तर ती म्हणाली, नको. आवाज आला म्हणजे तो तिथे आहे हे मला फाटकातून कळतं. आवाज नसला की मला कसं कळणार, तुम्ही तो वाटेत काढून फेकला नाहीत? माझ्या शब्दावर भरवसा नाही, कुरकुरीवर आहे! आणि अनुपमाचं काय, उद्या ती गाडी घेऊन येणार? तर म्हणाली, ते माझ्यावर सोडा. बिब्बा राहिला तर सायकल राहील.

रविवारी अनुपमा आली. मी फाटकातून बाहेर एक फेरी मारून दाखवली, कुर्र... कट्, आणि ती म्हणाली, बाबा, आवाज तर आहेच की! उज्वला म्हणाली, हो, पण तो सापडलाय. सापडलेल्या आवाजाला काय घाबरायचं? अनुपमाने माझ्याकडे बघितलं, कारण काय होतं, म्हणून. मी हाताला बांधलेली पट्टी पाठीमागे लपवत म्हटलं, एक परकी वस्तू अडकली होती. उज्वला म्हणाली, परकी? मी म्हटलं, घरचीच. अनुपमा गाडीत बसून पुण्याला गेली, रिकामी गाडी घेऊन.

एखाद्याच्या कामात कुणी मोडता घातला की आपण म्हणतो, बिब्बा घातला. म्हणायची पद्धत आहे. माझ्या बाबतीत पद्धत नाही, तारेने बांधलेला आहे, शब्दशः, आणि गाठ या वेळी मी माझ्या हातांनी मारली, हातमोजे घालून, मुद्दाम सैल.

आता रोज सकाळी सवला जातो. पाय पुढे, कुरकुर मागे. चौतीस वर्षं मुलांना सांगत आलो, यंत्रातून आवाज आला की तिथल्या तिथे थांबा. आणि परवा सवच्या रस्त्याला खड्ड्यातून सायकल गेली आणि आवाज एकदम बंद झाला. तुम्हाला सांगतो, मी घाबरून तिथल्या तिथे थांबलो, उतरलो, आणि सीटखाली हात घालून बघितलं, बिब्बा आहे ना.